नवरा-बायको भिडू झाले, अख्ख्या अमेरिकेला ब्रिज शिकवलं आणि मग स्वतःच वेगळे झाले

मेंढीकोट खेळताना समोरच्या भिडूला एकदाही खूण केली नाही, असा माणूस शोधून सापडायचा नाही. कान खाजवला की बदाम, नाकाला हात लावला की इस्पिक, खोकला आला की हुकमाचा एक्का माझ्याकडं. गणपतीच्या जागरणाला, लग्नघरात, मे महिन्याच्या सुट्टीत हे सगळं चालतं. पकडलं गेलं की आरडाओरडा होतो, डाव मोडतो, पुन्हा पानं पिसली जातात.

आता कल्पना करा, भिडूला आपली पानं सांगायची ही सगळी धडपड कुणीतरी कायदेशीर करून टाकली. खुणा करायच्या, पण उघड. चौघांनाही ऐकू जातील अशा. आणि शब्द वापरायचे मोजकेच, एक ते सात हे आकडे आणि चार रंगांची नावं, वर थोडे इकडचे तिकडचे. एवढ्या तुटपुंज्या भाषेत समोरच्याला सांगायचं, की बाबा रे, माझ्याकडं इस्पिक लांब आहे, एक्का-राजा आहे, तुझ्याकडं काय आहे?

हा खेळ म्हणजे ब्रिज. आणि ही भाषा घरोघरच्या लोकांना शिकवून जो माणूस श्रीमंत झाला, त्याचं नाव एली कल्बर्टसन. १९३० च्या दशकात, जेव्हा अमेरिकेत मंदीनं लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, बँका बुडत होत्या, तेव्हा हा गडी पत्त्यांच्या जोरावर ४५ खोल्यांच्या हवेलीत राहत होता.

पण तो एकटा तिथं पोहोचला नव्हता. त्याच्यासमोर एक भिडू बसायची. त्याची बायको, जोसेफीन.

जन्म रुमानियात, बाप अमेरिकन, आई कोसॅक

एलीचा जन्म २२ जुलै १८९१ चा, रुमानियातल्या पोयाना वर्बिलाऊ नावाच्या गावातला. वडील अल्मन कल्बर्टसन हे अमेरिकन खाण अभियंते. तेलाच्या शोधात ते युरोपच्या या टोकाला आलेले. आई झेनिया कोसॅक घराण्यातली. वडिलांनी पुढं कॉकेशसमध्ये, ग्रोझ्नीच्या तेल क्षेत्रात बक्कळ पैसा कमावला. त्यामुळं एलीचं बालपण रशियात गेलं, नोकरचाकर आणि शिकवायला येणारे मास्तर अशा थाटात. पासपोर्टवर मात्र तो अमेरिकन होता.

या माणसाचं तरुणपण म्हणजे सिनेमाची गोष्ट आहे. अडचण एवढीच, की त्यातली बरीचशी गोष्ट त्यानं स्वतःच सांगितलेली आहे. १९४० मध्ये त्याचं भलंमोठं आत्मचरित्र आलं. त्यात रशियातल्या क्रांतिकारकांशी संबंध आहेत, तुरुंगवास आहे, मेक्सिको आहे, स्पेन आहे. तुरुंगात तो विंट नावाचा पत्त्यांचा रशियन खेळ खेळायचा असंही त्यात येतं. विंट हा ब्रिजचा लांबचा भाऊच, त्यातही जोडीनं बोली लावायची असते. आता यातलं किती खरं धरायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं, कारण स्वतःची जाहिरात करण्यात एलीचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. पॅरिस आणि जिनिव्हामध्ये तो शिकला हे मात्र खरं. भाषा तर तो गोळा करत गेला. रशियन, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, इटालियन या त्याला अस्खलित यायच्या.

१९१७ ला रशियात क्रांती झाली आणि कल्बर्टसन घराण्याची तेलाची संपत्ती गेली. एका झटक्यात. जो मुलगा कालपर्यंत बापाच्या पैशावर युरोप हिंडत होता, त्याच्यापुढं आता पोटाचा प्रश्न उभा राहिला. हातात पदवीपेक्षा जास्त कामाची एकच गोष्ट होती, पत्ते. पॅरिस आणि युरोपातल्या इतर शहरांत तो पत्ते खेळून जगला आणि १९२१ मध्ये जवळपास रिकाम्या खिशानं अमेरिकेत आला. तिथंही तेच, पोकर आणि ऑक्शन ब्रिज.

मास्तरीण आधीच तयार होती

न्यूयॉर्कमध्ये त्याला जोसेफीन मर्फी डिलन भेटली. तिचं पहिलं लग्न झालेलं होतं, तो नवरा वारला होता. त्या वेळी ब्रिजच्या दुनियेत एलीला फारसं कुणी विचारत नव्हतं. जोसेफीनचं मात्र तिथं नाव होतं. विल्बर व्हाइटहेड या नामांकित ब्रिज शिक्षकाच्या हाताखाली ती तयार झालेली आणि न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरांतल्या लोकांना ती ऑक्शन ब्रिज शिकवायची. शांत, नेटकी, टेबलावर कधीही आवाज न चढवणारी. पुरुषांच्या बरोबरीनं खेळणारी बाई म्हणून त्या काळात तिच्याकडं पाहिलं जायचं, आणि अशा बाया तेव्हा बोटावर मोजण्याइतक्या होत्या.

१९२३ मध्ये दोघांनी लग्न केलं. म्हणजे हिशोब नीट लक्षात घ्या. पुढं ज्या माणसाला जगानं ब्रिजचा गुरू म्हणून डोक्यावर घेतलं, त्याच्या घरात शिकवण्याचा धंदा त्याच्याआधी बायकोचा चालत होता. दोघं मिळून खेळायला लागले, शिकवायला लागले. पण खरी संधी आली ती दोन वर्षांनी, आणि ती आणली तिसऱ्याच माणसानं.

एका बोटीवर खेळ बदलला

हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट हे अमेरिकेतल्या बड्या रेल्वे घराण्यातलं नाव. शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत अमेरिका कप तीनदा जिंकणारा हा गडी. १९२५ च्या शरद ऋतूत तो आणि त्याचे मित्र एका जहाजातून लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यातून हवानाला निघाले होते. वेळ घालवायला पत्ते होतेच. व्हँडरबिल्टनं तिथं गुण मोजायची नवी पद्धत मांडली.

तोवरच्या ऑक्शन ब्रिजमध्ये काय व्हायचं? मेंढीकोटासारखेच चार जण, समोरासमोर भिडू, प्रत्येकाला १३ पानं. एकूण १३ हात होतात. पहिले सहा हात धरलेलेच असतात, त्याच्या पुढं किती करणार ते बोलीत सांगायचं. एक इस्पिक म्हणजे इस्पिक हुकूम करून सात हात. चार इस्पिक म्हणजे दहा. जास्त बोली ज्याची, त्याचा हुकूम. मग त्याचा भिडू आपली पानं टेबलावर उघडी मांडून गप्प बसतो, त्याला डमी म्हणतात, आणि बोली जिंकणारा दोन्हीकडची पानं खेळतो. ऑक्शनमध्ये तुम्ही दोन बोललात आणि चार केलेत, तर चारचे गुण गेमकडं धरले जायचे. म्हणजे बोलताना शहाण्यानं कमीच बोलायचं.

व्हँडरबिल्टच्या पद्धतीत जेवढं बोललात तेवढेच गेमकडं धरले जाणार. वरचे हात झाले तर त्याचे गुण वेगळ्या खात्यात, गेमला उपयोग शून्य. मोठी बोली लावून पूर्ण केली तर घसघशीत बक्षीस, पडलात तर दंड. हा झाला कॉन्ट्रॅक्ट ब्रिज, जो आजही जगभर खेळला जातो.

वाचायला हा एका ओळीचा बदल वाटतो. पण यानं सगळं पालटलं. कारण आता तुमच्या जोडीत दहा हात आहेत की नाही हे बोली लावतानाच ओळखणं भाग होतं. आणि तेरा पानं तुमच्याकडं, तेरा समोरच्याकडं, मधे टेबल. ओळखणार कसं? त्यासाठी दोघांनी आधीच एक भाषा ठरवायला हवी, कोणत्या बोलीचा काय अर्थ.

जुन्या मास्तरांनी शिकवलेलं एका झटक्यात कालबाह्य झालं होतं. सगळे पुन्हा पहिलीत. एलीनं हे इतरांच्या आधी ओळखलं. त्यानं आणि जोसेफीननं ठरवलं की ही भाषा आपण तयार करायची, आणि ती आपल्याच नावानं विकायची.

त्याची पद्धत समजायला फार अवघड नव्हती. मोठ्या पानांची किंमत हातांच्या हिशोबात धरायची. एक्का म्हणजे एक हात. एकाच रंगाचे एक्का-राजा म्हणजे दोन. एक्का-राणी असेल तर दीड. राजा-राणी एक. नुसता राजा आणि सोबत एखादं लहान पान, तर अर्धा. एकूण अडीचच्या आसपास आले की तोंड उघडायचं, नाहीतर पास. सुरुवात खालच्या बोलीनं करायची, आपला रंग सांगायचा, भिडूचा ऐकायचा आणि हळूहळू वर चढायचं. आणि थेट दोनची बोली लावली, तर तो भिडूला हुकूमच समजा. तुझ्याकडं काहीही नसलं तरी गेम होईपर्यंत गप्प बसायचं नाही.

यात शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची होती. तुमच्याकडं कचरा पानं आहेत, मनात भीती आहे, आणि तरी समोरच्यानं बोलायला सांगितलंय म्हणून बोलायचं. ब्रिज शिकणाऱ्या नवख्यांचं घोडं आजही इथंच अडतं. पानं मोजायला आठवड्यात येतात, भिडूवर भरवसा ठेवायला वर्षं लागतात.

१९२९ मध्ये एलीनं 'द ब्रिज वर्ल्ड' नावाचं मासिक काढलं. ऑक्टोबरात, म्हणजे ज्या महिन्यात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला त्याच महिन्यात. धंदा सुरू करायला यापेक्षा वाईट मुहूर्त सापडणं कठीण. पण झालं उलटंच. लोकांकडं नाटक-सिनेमाला पैसे उरले नव्हते, आणि पत्त्यांचा एक जोड कित्येक महिने पुरतो. शेजारचं जोडपं बोलवायचं, चार खुर्च्या मांडायच्या, संध्याकाळ फुकटात निघते.

चार इस्पिक आणि एक पिस्तूल

अर्थात संध्याकाळ कधी कधी महागातही पडायची.

२९ सप्टेंबर १९२९. कॅन्सस सिटी शहर. जॉन बेनेट आणि त्याची बायको मर्टल हे शेजारच्या जोडप्याबरोबर ब्रिज खेळत बसले होते. जॉननं एक इस्पिक बोली लावली, मर्टलनं ती चारपर्यंत नेली. दहा हात करायचे होते, ते झाले नाहीत. दोघांत जुंपली. तिनं त्याच्या खेळण्याला नावं ठेवली, त्यानं सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली. मर्टल आत गेली, पिस्तूल घेऊन आली आणि तिनं नवऱ्याला गोळ्या घातल्या. १९३१ मध्ये खटला चालला आणि ती निर्दोष सुटली.

अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांना हे प्रकरण पुरून उरलं. त्या डावात कुणाकडं कोणती पानं होती याची मांडणीही नंतर छापून आली, ती खरी असण्याबद्दल जाणकारांना दाट शंका आहे. पण एलीला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यानं तो डाव घेतला, त्याचं विश्लेषण केलं आणि सूर असा लावला, की या जोडप्यानं कल्बर्टसन पद्धत शिकली असती तर बोली चुकली नसती. एका माणसाचा जीव गेला होता आणि हा त्यातून क्लास विकत होता. थंड डोक्याचा माणूस होता, एवढंच म्हणता येईल.

पण त्याला एक गोष्ट बरोबर कळली होती. ब्रिजच्या टेबलावर नवरा-बायको समोरासमोर बसतात तेव्हा भांडण पानांवरून सुरू होतं आणि भलतीकडंच जातं, हे अमेरिकेतल्या प्रत्येक घराला माहीत होतं. आणि कल्बर्टसन जोडपं लोकांना हेच दाखवत होतं, की बघा, आम्ही दोघं नवरा-बायको आहोत, भिडू आहोत, आणि आमचं छान चाललंय. जोसेफीन शांतपणे पानं खेळायची, एली बडबड करायचा. ही जोडी हीच त्यांची सगळ्यात मोठी जाहिरात होती.

१९३० मध्ये दोन गोष्टी झाल्या. एलीचं 'कॉन्ट्रॅक्ट ब्रिज ब्लू बुक' बाजारात आलं आणि धडाधड खपायला लागलं. आणि इंग्लंडच्या कर्नल वॉल्टर बुलरचं आव्हान त्यानं स्वीकारलं. बुलरचं म्हणणं होतं की पद्धती-बिद्धती सगळं थोतांड आहे, अनुभवी माणसानं अकलेनं खेळावं. लंडनमध्ये २०० डावांचा सामना झाला. एलीच्या संघात जोसेफीन होती, शिवाय थिओडोर लाइटनर आणि वाल्डेमार फॉन झेडविट्झ होते. अमेरिकन संघ ४,८४५ गुणांनी जिंकला. पुस्तकासाठी यापेक्षा चांगली प्रसिद्धी पैसे मोजूनही मिळाली नसती.

शतकातली लढाई

आता घरच्या मैदानातले मास्तर अस्वस्थ झाले. १९३१ मध्ये बारा जुन्या-जाणत्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन स्वतःची 'ऑफिशियल' पद्धत काढली. एकजण कल एलीच्या पद्धतीकडं, दुसरा यांच्या, असं चाललं तर बाजार फुटणार होता. एलीनं त्यांच्यातल्या सिडनी लेन्झला आव्हान दिलं. १५० रबर खेळायचे. मी हरलो तर ५,००० डॉलर्स देणार, तू हरलास तर १,००० दे. पैसे कुणीही जिंकले तरी जाणार दानधर्मालाच.

लेन्झ तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा. ऑक्शन ब्रिजमधला मोठा माणूस, हौशी जादूगार. हातात पानं घेतली की त्यांचं काहीही करू शकायचा, म्हणून म्हणे तो पैसे लावून खेळायचं टाळायचा. त्यानं भिडू घेतला ओस्वाल्ड जेकोबी, जेमतेम तिशीला टेकलेला, हुशार आणि धाडसी. हातात काही नसताना बेधडक बोली लावून समोरच्यांना गोंधळात टाकणं ही जेकोबीची खासियत.

७ डिसेंबर १९३१ ला न्यूयॉर्कच्या हॉटेल चॅटममध्ये सामना सुरू झाला. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर बातम्या. हॉटेलात खास तारयंत्रांच्या लाइन टाकलेल्या. खेळाडूंना त्रास नको म्हणून मधे पडदा, आणि पत्रकार आळीपाळीनं त्याच्या फटीतून डोकावणार. पत्त्यांचा डाव बघायला! क्रिकेटची कॉमेंट्री ऐकावी तसे लोक दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कुणी काय बोली लावली ते वाचत होते.

पंच म्हणून बसला होता आल्फ्रेड ग्रुएन्थर नावाचा लष्करातला तरुण लेफ्टनंट. वेस्ट पॉइंटच्या अकादमीत तो शिकवायचा आणि जोडउत्पन्न म्हणून ब्रिजच्या स्पर्धा चालवायचा. हाच ग्रुएन्थर पुढं १९५३ मध्ये नाटोच्या युरोपातल्या फौजांचा सरसेनापती झाला. चार हट्टी ब्रिजपटूंना महिनाभर सांभाळलं की सैन्य सांभाळणं सोपं जात असावं.

सुरुवातीला लेन्झ-जेकोबी पुढं होते. एली मुद्दाम सगळ्यांना ताटकळत ठेवायचा, उशिरा यायचा, विचार करायला हवा तेवढा वेळ घ्यायचा. जेवणही टेबलावरच मागवायचा. लेन्झ वैतागायचा. पानांना तेलकट डाग पडतात म्हणून त्याची तक्रार. याउलट जोसेफीनबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. नाताळ जवळ आला तशी ती मुलांसाठी घरी गेली आणि एलीसमोर लाइटनर, फॉन झेडविट्झ असे दुसरे भिडू बसू लागले. कल्बर्टसन बाजूनं हळूहळू आघाडी घेतली.

आणि मग समोरची जोडी फुटली. जेकोबीच्या धाडसी खेळावरून लेन्झ त्याला टेबलावरच बोलला. ब्रिजमध्ये हे होतच असतं, पण सगळ्या देशाचं लक्ष असताना झालं. १०३ रबर झाल्यावर जेकोबी उठला आणि सामना सोडून गेला. त्याच्या जागी कमांडर विनफिल्ड लिगेट आला.

८ जानेवारी १९३२ ला सामना संपला. एकूण ८७९ डाव झाले होते. कल्बर्टसन ८,९८० गुणांनी जिंकले. नंतर कुणीतरी चिकाटीनं सगळी पानं मोजली. ८७९ डावांत एका बाजूला १,७४५ एक्के आले होते आणि दुसऱ्या बाजूला १,७७१. म्हणजे नशीब जवळपास सारखंच होतं. या सामन्यानं कोणती पद्धत श्रेष्ठ हे खरंच सिद्ध झालं का, यावर तज्ज्ञ नंतर वाद घालत राहिले. त्यांनी घालावा. दुकानात पुस्तक घ्यायला गेलेला माणूस आता कल्बर्टसनचंच मागत होता.

पैसा आला, आणि मग

पुढची पाच-सहा वर्षं एलीनं पैसा अक्षरशः ओढला. पुस्तकं, वर्तमानपत्रांतले स्तंभ, रेडिओ, त्याच्या पद्धतीचं प्रमाणपत्र घेतलेल्या शिक्षकांच्या शाळांची साखळी. प्लॅस्टिकचे पत्ते बनवणारी केम कंपनीही त्याचीच. १९३५ मध्ये पी. हॅल सिम्स आणि त्याची बायको डोरोथी या दुसऱ्या जोडप्याविरुद्ध कल्बर्टसन नवरा-बायको पुन्हा १५० रबर खेळले आणि १६,१३० गुणांनी जिंकले. १९३७ मध्ये त्याच्या कंपनीची उलाढाल दहा लाख डॉलर्सच्या वर गेली. त्या काळातले दहा लाख. कनेक्टिकटमधल्या रिजफिल्डला हवेली होती, खास महागड्या सिगारेटी होत्या, आणि जितकं यायचं तितकंच जायचंही.

एक मजेशीर गोष्ट इथं सांगायला हवी. १९३० च्या दशकात इंडियानापोलिसच्या ईझली ब्लॅकवूड नावाच्या विमा कंपनीतल्या माणसानं एलीच्या मासिकाला एक कल्पना पाठवली होती. चार नो ट्रम्प अशी बोली लावून भिडूला त्याच्याकडं किती एक्के आहेत ते विचारायचं. मासिकानं ती छापली नाही. एलीची त्याच कामासाठी स्वतःची, बरीच किचकट पद्धत होती ना. आज जगात कुठंही ब्रिज शिकायला बसा, पहिल्या काही धड्यांत ब्लॅकवूड येतंच. एलीची पद्धत कुणी शिकवत नाही.

१९३७ मध्ये बुडापेस्टला जागतिक स्पर्धा झाली. एलीच्या संघात जोसेफीन, हेलन सोबेल आणि चार्ल्स व्होगेलहोफर होते. चौघांत दोन बाया, तेही त्या काळात. अंतिम फेरीत ऑस्ट्रियाच्या संघानं त्यांना हरवलं. त्या संघाचा कप्तान पॉल स्टर्न. पुढच्याच वर्षी हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि स्टर्नला पळून लंडन गाठावं लागलं.

त्याच १९३८ मध्ये एली आणि जोसेफीनचा घटस्फोट झाला.

बाहेरून बघणाऱ्यांना धक्का बसला, कारण लोकांनी ब्रिज शिकताना या जोडीकडं बघून शिकलं होतं. आत काय चाललं होतं ते जवळच्यांना माहीत होतं. एली म्हणजे सतत धावणारा, सतत नवीन योजना काढणारा, रात्र-रात्र जागणारा, संतापी माणूस. घरही ऑफिस आणि संसारही धंदा. दोन लहान मुलं, जॉयस आणि ब्रूस. टेबलावर तो तिला कधी वेडंवाकडं बोलत नसे, कारण टेबलावर तीच त्याची अब्रू होती. टेबलावरून उठल्यावर मात्र नियम लागू नव्हते. घटस्फोटानंतरही जोसेफीननं धंद्यातलं नातं तोडलं नाही. तिचं नाव पुस्तकांवर राहिलं, ती लिहीत राहिली, शिकवत राहिली.

एलीचं मन मात्र पत्त्यांवरून उडालं. दुसरं महायुद्ध डोक्यावर होतं आणि त्याला आता जग वाचवायचं होतं. हे थट्टेनं लिहिलेलं नाही, तो खरंच त्याच्या मागं लागला. सगळ्या देशांनी ठरलेल्या प्रमाणात सैनिक देऊन एक आंतरराष्ट्रीय फौज उभी करायची, शस्त्रांवर मर्यादा घालायची, म्हणजे कुठल्याच एका देशाला दुसऱ्यावर चालून जाता येणार नाही, असा त्याचा आराखडा होता. १९४३ मध्ये त्यानं त्यावर 'टोटल पीस' नावाचं पुस्तक लिहिलं. काही अमेरिकन खासदारांनीही त्यात रस घेतला. पण बहुतेकांना हा पत्त्यांवाला जागतिक शांततेवर का बोलतोय, हेच कळेना. ब्रिजमधून मिळवलेला पैसा आणि वेळ त्यानं यात घातला. आराखडा कागदावरच राहिला.

इकडं खेळ त्याच्यावाचून पुढं निघून गेला. चार्ल्स गोरेन नावाच्या फिलाडेल्फियाच्या वकिलानं १९४९ मध्ये गुण मोजायची सोपी पद्धत लोकप्रिय केली. एक्क्याला चार, राजाला तीन, राणीला दोन, गुलामाला एक. बेरीज करा आणि बोला. दीड हात, अर्धा हात ही भानगडच नको. काही वर्षांत अमेरिकेतल्या घराघरांत कल्बर्टसनच्या जागी गोरेनचं पुस्तक आलं. ज्या चलाखीनं एलीनं जुन्या मास्तरांना बाजारातून उठवलं होतं, त्याच चलाखीनं तो स्वतः उठवला गेला.

१९४७ मध्ये त्यानं दुसरं लग्न केलं, डोरोथी बेनीशी. तिच्यापासून दोन मुलगे झाले. ते लग्नही १९५४ मध्ये संपलं. आयुष्यभर ओढलेल्या सिगारेटींनी फुप्फुसं निकामी होत आली होती. २७ डिसेंबर १९५५ ला व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबोरोला एली कल्बर्टसन वारला, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी.

जोसेफीन त्यानंतर तीन महिने जगली. मार्च १९५६ मध्ये तीही गेली.

१९६४ मध्ये 'द ब्रिज वर्ल्ड'नं, म्हणजे एलीनंच काढलेल्या मासिकानं, ब्रिजचं हॉल ऑफ फेम सुरू केलं. पहिल्याच यादीत तीन नावं होती, व्हँडरबिल्ट, गोरेन आणि एली कल्बर्टसन. ज्या बाईनं त्याच्याआधी शिकवायला सुरुवात केली होती, तिचं नाव त्या यादीत नव्हतं.